बसल्याशिवाय लिहायचं नाही

मित्रांनो, इस्पितळात कुणाला भेटायला गेलात की तुम्ही आधी खाटेखाली वाकून बघता आणि मला ओढून बाहेर काढता. बसता, गप्पा मारता, रोग्यासाठी आणलेली केळी स्वतःच खाता आणि निघून जाता. जाताना रोग्याचा निरोप घेता, परिचारिकेला नमस्कार करता. माझ्याकडे मात्र ढुंकूनही बघत नाही. मी रागावलेलो नाही. मी एक जुनं, बुटकं, सागवानी स्टूल आहे. स्टुलाला कसला आलाय राग? पण माझाही एक मान होता, आणि तो कशासाठी होता हे तुम्हांला कुणी सांगितलेलं नाही. म्हणून आज मीच बोलायचं ठरवलं.

माझा जन्म माळव्यातल्या धारचा. तिथल्या खंडोजी सुतारांच्या दुकानात एका दाराचा उरलेला तुकडा बरेच दिवस भिंतीला टेकून पडला होता. तो मी. एकदा इस्पितळातल्या डॉक्टर शैलाताई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "मला एक स्टूल करून द्या. रोग्याच्या खाटेपेक्षा बुटकं हवं."

खंडोजींनी पेन्सिल कानामागे खोचली. "बाई, डॉक्टर का स्टूल तो ऊंचा होता है. एवढ्या खाली बसलात तर रोगी तुमच्या डोक्यावरून बघेल ना!"

"बघू दे. मला त्याच्याकडे मान वर करून बघायचं आहे," शैलाताई म्हणाल्या. "उभ्या माणसाला कुणी खरं सांगत नाही, खंडोजी."

खंडोजींना ते किती पटलं कोण जाणे. पण काम त्यांनी मन लावून केलं. चार पाय ठोकले, कडा घासून गोल केल्या, तेल पाजलं. मधोमध एक बारीक चीर राहिली होती. "ये तो लकड़ी का सुभाव है," म्हणून ती त्यांनी तशीच ठेवली. त्या चिरेला तुम्हीही विसरू नका. पुढे तिचं काम पडणार आहे.

शैलाताईंकडे नव्या डॉक्टरांना तयार करायचं काम होतं. परीक्षा पास झालेली, नावापुढे पदवी लागलेली, घरी पेढे वाटून झालेले. आणि मग एका सकाळी त्या मुलांच्या हातात पेन येतं, समोर जिवंत माणूस असतो आणि त्याचं औषध लिहायचं असतं. परीक्षेत चुकलं तर गुण जातात. इथे काय जाईल ते सांगायला नको. चेहऱ्यावर ही मुलं मोठा आव आणतात. पण माझ्यावर बसली की त्यांचे पाय थरथरतात. ते फक्त मला कळतं.

शैलाताईंचा एकच दंडक होता. बसल्याशिवाय लिहायचं नाही. आधी बस, रोग्याशी बोल, घरून काय घेतो, पूर्वी कशाने त्रास झाला ते विचार, मग पेन उघड. आणि जे लिहिलंस ते त्याला तोंडाने सांग, म्हणजे त्याला काही आठवलं तर तो तुला अडवेल. "आणि अडलं तर मला विचारा," त्या म्हणायच्या. "विचारलं म्हणून आजवर कुणी मेलेलं नाही."

मुलं आपसांत हसायची. मला 'शैलाबाईंचा पाट' म्हणायची. पण एकदा धामनोदच्या रस्त्यावर ट्रक उलटून एक ड्रायव्हर आला. उभ्याने विचारलं तेव्हा तो सगळ्याला "कुछ नहीं, सब ठीक है," म्हणाला. डॉक्टर माझ्यावर बसला आणि घरच्या गप्पा सुरू झाल्या, तेव्हा तोच ड्रायव्हर म्हणाला की मागे एका गोळीने त्याचा चेहरा भोपळ्यासारखा सुजला होता आणि श्वास कोंडला होता. त्याच जातीचं औषध लिहायला डॉक्टरचं पेन उघडलेलं होतं. ते त्याने मिटलं. त्या दिवसापासून मला पाट म्हणणं बंद झालं. वॉर्डात फेरी निघाली की कुणीतरी मला उचलून पुढे न्यायचं, आणि नातेवाईक बसलेले असले तर परिचारिका सांगायची, "उठिए भिया, ये डॉक्टर साब का है." मी मनातल्या मनात फुगून जायचो.

शैलाताई निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाची भेट म्हणून त्यांनी मलाच मागून घेतलं. गाडीच्या मागच्या सीटवर बसून मी देवासला आलो. इथे एका धर्मादाय इस्पितळात त्या आठवड्यातून एकदा नव्या डॉक्टरांना शिकवायला येऊ लागल्या. पुरुषांच्या वॉर्डात, परिचारिकांच्या टेबलाला लागून जी पहिली खाट आहे, तिच्याजवळ त्यांनी मला ठेवलं. खिडकीतून टेकरी, म्हणजे देवीची टेकडी, दिसते. जागा चांगली आहे.

पण आठवड्यातून एक दिवस म्हणजे किती? बाकीचे दिवस माझे हाल कुत्रा खाईना. गोल फिरणारी चकचकीत लोखंडी स्टुलं आली, ती टेबलापाशी गेली. मी ट्यूबलाईट बदलणाऱ्याच्या पायाखाली गेलो. कुणी माझ्यावर पाण्याचा माठ ठेवला, कुणी डबा सांडला. एक पाय आखूड झाला तर त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली. डॉक्टर मंडळी उभ्याउभ्या विचारत आणि चालता चालता लिहीत. मला वाटलं, आपलं काम संपलं.

आणि मग ऋजुता आली.

ऋजुता देवासचीच मुलगी. घरात मराठी, शाळा हिंदी, त्यामुळे तिचं बोलणं दोन्हींच्या मधूनच चालायचं. हुशार होती, मन लावून काम करायची. पहिल्याच आठवड्यात तिने तापाच्या साध्या गोळीचं प्रमाण वरिष्ठ डॉक्टर अजेय यांना विचारलं. तो रोगी अगदी हडकुळा होता, म्हणून तिने विचारलं होतं. डॉक्टर अजेय घाईत होते. सगळ्यांसमोर म्हणाले, "बुखार की गोली भी पूछकर लिखोगी?" कुणीतरी हसलं. ऋजुताचे कान लाल झाले. मित्रांनो, डॉक्टर अजेय वाईट नव्हते. हाताला यश होतं, रोगी त्यांना दुवा द्यायचे. पण एका वाक्याने त्या मुलीचं विचारणं बंद झालं. ती भराभर लिहू लागली, आणि उभ्यानेच.

अशात पहिल्या खाटेवर नारायणराव आले. देवासातलं जुनं मराठी घराणं, आजे-पणजे संस्थानच्या नोकरीत. हे दत्ताच्या एका लहानशा मंदिरात पूजा करायचे. छातीत कफ, ताप, धाप लागलेली. सोबत त्यांच्या पत्नी यमुनाबाई.

नारायणरावांचा डॉक्टरांवर जुना राग होता. त्यांचा धाकटा भाऊ जगदेवराव तरुणपणी साध्या तापाने आजारी पडला होता. कुठल्याशा दवाखान्यात कुणी त्याला काही न विचारता एक इंजेक्शन टोचलं, आणि तो तिथल्या तिथे गेला. तेव्हापासून नारायणरावांनी इंग्रजी औषधाचं नावच टाकलं होतं. आताही श्वास अगदीच पुरेना झाला तेव्हा ते कसेबसे इथे यायला कबूल झाले. आल्या दिवशी ऋजुताने उभ्याने विचारलं, "आजोबा, घरून काही दवाई चालू आहे?"

त्यांनी धापा टाकतच छाती काढली. "जन्मात एक गोळी घेतलेली नाही. तीर्थ, सुंठवडा आणि चालणं. विचारा हिला."

यमुनाबाईंनी मान खाली घातली. ऋजुताने 'काही नाही' असं लिहिलं आणि ती पुढे गेली. छातीसाठी औषध सुरू झालं. ते सलाइनमधून जायचं, आणि नारायणराव त्या बाटलीकडे पाठ करून पडायचे.

दुसऱ्या सकाळी नारायणरावांना आधार देऊन तोंड धुवायला नेलं. यमुनाबाई एकट्या राहिल्या. त्यांनी आजूबाजूला बघितलं. पदराच्या गाठीतून एक लहानशी पांढरी गोळी काढली, माझ्या फळीवर ठेवली आणि वाटीच्या बुडाने दाबून तिची भुकटी केली. ती डबीतल्या सुंठवड्यात नीट कालवली. हात झटकले, पदराने मला पुसलं आणि पुन्हा माझ्यावर बसल्या. नारायणराव आले. त्यांनी तळहात पुढे केला, पळीभर तीर्थ घेतलं, मग सुंठवड्याची चिमूट तोंडात टाकली. "बघितलंस? याच्यावरच मी उभा आहे," ते म्हणाले. यमुनाबाई हसल्या. पण त्यांच्या बसण्यातून मला कळलं, त्यांचं सगळं अंग आकसलेलं होतं.

रोज सकाळी हेच. थोडी भुकटी पदराने पुसली जायची आणि थोडी माझ्या त्या चिरेत जाऊन बसायची.

ती गोळी कसली हे मला माहीत नव्हतं. पण काहीतरी लपवलं जात होतं, आणि ज्याला विचारायचं त्याला ते ठाऊकच नव्हतं, एवढं मला उमगलं. मित्रांनो, मला चार पाय आहेत, तोंड नाही. त्या दिवसांत ही गोष्ट मला फार बोचली.

मग तो दिवस उजाडला. सकाळपासून नारायणरावांचा उजवा गुडघा सुजायला लागला. दुपारपर्यंत तो गरम आणि टणक झाला. पाय हलवला की ते ओरडायचे, आणि ते ओरडणारे गृहस्थ नव्हते. परिचारिका म्हणाली, "मैडम, बाबा को बहुत दर्द है. दर्द का इंजेक्शन लिख दो ना." ऋजुताने गुडघा बघितला, हात लावला. डॉक्टर अजेय ऑपरेशनच्या खोलीत होते. तिने टेबलावरून फोन लावला.

"उमर हो गई है, घुटना है, दुखेगा ही," तिकडून आवाज आला. "दर्द का इंजेक्शन लगा दो. कोई और दवा चल रही है क्या?"

"नहीं सर. पेशंट ने खुद मना किया है."

"तो लगा दो, पूछ क्या रही हो?"

फोन बंद झाला. ऋजुताने उभ्यानेच लिहिलं. परिचारिकेने कागद बघितला आणि कपाटातून इंजेक्शन काढलं. काचेचं तोंड मोडल्याचा आवाज आला.

तेव्हा यमुनाबाई माझ्यावर बसलेल्या होत्या. 'दर्द का इंजेक्शन' हे शब्द त्यांच्या कानावर पडले आणि त्यांनी माझी कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. नखं लाकडात रुतली. त्या उठायला पुढे झुकल्या आणि पुन्हा मागे बसल्या. पुन्हा झुकल्या, पुन्हा बसल्या. समोर नवरा होता, डोळे मिटून कण्हणारा. त्याच्यासमोर बोलावं तर इतक्या दिवसांचा विश्वास जातो. न बोलावं तर काय जातं, हे त्यांना कुणीतरी बजावून सांगितलेलं असावं, कारण त्यांची नजर त्या मोडलेल्या काचेवर खिळली होती. ट्रे घेऊन परिचारिका टेबलाकडून निघाली. टेबल ते खाट, अंतर तरी किती! माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. बोला हो यमुनाबाई, मी मनात ओरडत होतो. बोला!

त्या बोलल्या नाहीत. पण टेबलापाशी ऋजुता उभी होती आणि तिचं पेन अजून हातातच होतं. गुडघा बघताना तिला नारायणरावांच्या दंडावर एक मोठा काळानिळा डाग दिसला होता. सलाइनची सुई होती त्या जागेपेक्षा बराच वर. तिथे तर कुणी टोचलंच नव्हतं. आणि आता अर्ध्या दिवसात गुडघा भरून आला. तो कशाने भरला? विचारावं तर पुन्हा तेच ऐकायला लागेल. न विचारावं तर? तिने पेन मिटलं.

"सिस्टर, रुकिए!"

परिचारिकेचा हात नारायणरावांच्या कमरेपाशी पोचलेला होता. "क्या हुआ मैडम? सर ने तो बोल दिया ना."

"हो, बोललेत. पण मी बसले नाहीये अजून."

परिचारिकेला काहीच समजलं नाही. मला समजलं. शैलाताईंनी पहिल्या दिवशी सांगितलेलं या मुलीने तेव्हा नुसतं ऐकून घेतलं होतं, पण विसरली नव्हती. "आजी, जरा मला बसू द्या ना," ती म्हणाली. यमुनाबाई उठल्या. ऋजुता बसली. तिचेही पाय थरथरत होते. किती दिवसांनी माझ्यावर डॉक्टर बसला होता!

बसताना तिने हात टेकला आणि बोटांना काहीतरी लागलं. तिने बोट उचलून बघितलं. पांढरी भुकटी. तिने मान वळवली. यमुनाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, मग ऋजुताकडे, आणि नुसते हात जोडले.

इथे ती मुलगी चुकली असती तर मी तिला दोष दिला नसता. 'हे काय कुटलंय?' असं तिथेच विचारलं असतं तर यमुनाबाईंनी कानावर हात ठेवले असते. ऋजुता एकदम काही बोलली नाही. बोट रुमालाला पुसलं आणि नारायणरावांना म्हणाली, "आजोबा, इंजेक्शन नंतर. आधी गुडघ्याचा फोटो काढू. दुखेल थोडं, पण संभाळून नेतील तुम्हाला." चाकाची खुर्ची आली. नारायणराव गेले.

मग तिने यमुनाबाईंना माझ्यावर बसवलं आणि आपण त्यांच्यासमोर फरशीवर उकिडवी बसली. "आजी, मी कुणाला रागावणार नाही. पण मला बताओ. काय देता तुम्ही त्यांना?"

बांध फुटला. गेल्या वर्षी नारायणरावांचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं आणि थोड्या वेळाने आपोआप सरळ झालं. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की नाडी वेडीवाकडी चालते, रक्ताची गुठळी डोक्यात जाऊ शकते. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायची. नारायणरावांनी ते पाकीट दवाखान्याच्या दारातच फेकून दिलं. "मी ते उचलून आणलं, संपेल तसं गुपचूप नवं आणत गेले," यमुनाबाई म्हणाल्या. "काय करू गं? ह्यांनी माझं कधी ऐकलंय? पण देवाच्या प्रसादाला हे नाही म्हणत नाहीत. सुंठीच्या तिखटात चव कळत नाही. एवढे दिवस निभावलं. रक्त तपासत राहा म्हणाले होते, ते कसं करणार? सुई बघितली की हे उठून जातात. आणि ते डॉक्टर म्हणाले होते, या गोळीवर दुखण्याचं इंजेक्शन कधी देऊ नका, रक्त थांबायचं नाही. मला ठाऊक होतं, पोरी. मला ठाऊक होतं आणि माझी जीभ उचलली नाही." त्या तोंडावर पदर धरून रडू लागल्या.

ऋजुताचा चेहरा उतरला. गुडघ्यात काय भरलं होतं ते आता तिला कळलं होतं. रक्त. ते थांबत नव्हतं, आणि ते आणखी वाहील असं इंजेक्शन ट्रेमध्ये भरून तयार होतं. त्यात छातीच्या औषधाने त्या गोळीचा जोर आणखी वाढवलेला होता. ती उठली, टेबलापाशी गेली आणि पुन्हा फोन लावला. या वेळी तिचे शब्द ठाम होते.

"सर, मी इंजेक्शन थांबवलंय. ते रक्त पतला करने की गोली घेतात."

"उन्होंने खुद कहा है, कुछ नहीं लेते!"

"सर, उन्हें पता ही नहीं है."

तिकडच्या आवाजातली घाई गेली. "किसने बताया?"

"मैंने बैठकर पूछा, सर."

मग डॉक्टर अजेय म्हणाले, "खून तुरंत जांच के लिए भेजो. मैं आ रहा हूँ." आणि फोन ठेवण्याआधी म्हणाले, "अच्छा किया. ऐसे ही पूछा करो." ऋजुताने फोन ठेवला आणि टेबलाला धरून उभी राहिली.

तपासणी आली. रक्त पाण्यासारखं पातळ झालं होतं. गोळी लगेच बंद केली, उतारा दिला, छातीचं औषध बदललं, गुडघा बांधून उंच ठेवला. संध्याकाळपर्यंत सूज वाढायची थांबली आणि वॉर्डाचा जीव भांड्यात पडला. पण माझी काळजी संपली नव्हती, कारण ऋजुता यमुनाबाईंना म्हणाली, "आजी, आजोबांना सांगावं लागेल."

"नको गं. माझ्या हातचं पाणी घेणार नाहीत."

"उद्या दुसऱ्या दवाखान्यात कुणी विचारेल, तेव्हा ते असेच छाती काढून 'काही नाही' म्हणतील. आणि तिथे कुणी थांबवणारं नसेल."

यमुनाबाईंनी डोळे पुसले. मग त्यांनी स्वतःच मला ओढलं, नवऱ्याच्या उशाशी नेलं, बसल्या आणि सगळं सांगितलं. एक शब्द हातचा राखला नाही. नारायणराव ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "देवाच्या नावाखाली." आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

दुसऱ्या सकाळी यमुनाबाईंनी तीर्थाची पळी पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. स्वतःच्या हाताने तांब्यातून तीर्थ ओतून घेतलं. सुंठवड्याच्या डबीला बोटही लावलं नाही. पुढल्या सकाळीही तेच. यमुनाबाई रिकाम्या हाताने माझ्यावर बसून राहायच्या. माणूस रडत असला की त्याचं वजन हलतं. त्या हलतही नव्हत्या. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

एका दुपारी ऋजुता आली आणि यमुनाबाईंच्या जागी बसली. "आजोबा, आजींनी मला सांगितलं, तुमच्या भावाला कुणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "मी विचारलं, पण खडे खडे. तुमचं ऐकलं, आजींकडे बघितलंच नाही. त्या माझ्यासमोर मान खाली घालून होत्या. जगदेवरावांसारखंच झालं असतं, माझ्या हातून." नारायणरावांनी भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. पण त्यांनी डोळे उघडले होते. "आजींनी चुकीचं केलं," ऋजुता म्हणाली. "पण त्यांनी ते केलं नसतं, तर कदाचित गेल्या वर्षीच तुम्ही मला भेटायला उरला नसता." एवढं बोलून ती उठली.

घरी जायचा दिवस आला. रक्त ठिकाणावर आलं होतं आणि त्या सकाळपासून गोळी पुन्हा सुरू व्हायची होती. नेमका शैलाताईंचा वार होता. त्या नव्या डॉक्टरांना घेऊन वॉर्डात शिरल्या. त्यांतला स्वानंद नावाचा मुलगा त्या दिवशी पहिल्यांदाच वॉर्डात आला होता. शैलाताईंनी त्याला पुढे केलं आणि आपण मागे थांबल्या. स्वानंद खाटेशी उभा राहिला. पेन उघडलेलंच होतं. "बाबा, घर पे कोई दवा चलती है?"

यमुनाबाईंनी मान खाली घातली. नारायणराव त्या मुलाकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आधी बसा," ते म्हणाले.

स्वानंद गोंधळला. शैलाताई हसल्या नाहीत, त्यांनी नुसती मान हलवली. तो बसला. त्याचे पाय थरथरत होते. नारायणरावांनी यमुनाबाईंकडे वळून तळहात पुढे केला. "तीर्थ दे." त्यांनी पळी ओतली. "आता ती गोळी. पाकिटासकट दे, डॉक्टरांना बघू दे." पाकीट स्वानंदच्या हातात गेलं, गोळी नारायणरावांच्या तळहातावर पडली. त्यांनी ती सगळ्यांसमोर तोंडात टाकली, पाण्याने गिळली आणि मुलाला म्हणाले, "लिहा. रक्त पातळ ठेवायची गोळी, रोज सकाळी. आणि हिलाही विचारत जा. हिला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं."

मग त्यांनी पुन्हा हात पसरला. "सुंठवडा राहिला गं."

यमुनाबाईंना डबीचं झाकण उघडेना. ते शेवटी ऋजुताने उघडून दिलं.

मित्रांनो, आता माझ्या पायाखालचा पुठ्ठा काढून तिथे नीट लाकूड ठोकलं आहे, आणि माठ दुसरीकडे गेला आहे. पण मला तेलपाणी करा, कोपऱ्यात जपून ठेवा, असं माझं मागणं नाही. तुमच्यातली काही मुलं उद्या डॉक्टर होतील. पांढरा कोट घालून, धडधडत्या छातीने, एखाद्या खाटेशी येतील. तेव्हा खाटेखाली बघा. माझ्यासारखं कुणीतरी तिथे असेल. त्याला बाहेर ओढा आणि बसा. पाय थरथरले तर थरथरू द्या, मी कुणाला सांगणार नाही.